एक रेघ तुझी, एक गोष्ट माझी

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



भाषणाचा विषय काय, असं मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "घरात खेळायचा एक खेळ. चित्र काढायचं आणि त्यावरून गोष्ट सांगायची." आपल्या कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी चष्मा खाली करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "व्याख्यानाला हा विषय?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. इथं कुणी टिळकांवर बोलतं, कुणी ज्ञानेश्वरीवर बोलतं, आणि मी पेन्सिल-कागद घेऊन उभा आहे. पण ज्याच्यासमोर आपण बसलो आहोत त्या बाप्पालाच हा खेळ पहिल्यापासून ठाऊक आहे.

महाभारत लिहून घ्यायला व्यासांना लेखनिक हवा होता. गणपतीनं अट घातली की सांगताना मध्ये थांबायचं नाही, माझी लेखणी थांबली की मी उठलो. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. मग दम घ्यायला वेळ हवा असला की व्यास एखादा अवघड श्लोक टाकत. गणपती विचार करीत बसे, तोवर व्यासांच्या डोक्यात पुढचं तयार होई. एकानं आयत्या वेळी सांगायचं, दुसऱ्यानं हातानं उमटवायचं, आणि दोघांनी एकमेकांना थोडं अडचणीत टाकायचं. आमचा खेळ याहून फार वेगळा नाही.

आता तो आमच्या घरात कसा आला ते सांगतो. हे सांगायला मी आईची परवानगी घेतली आहे. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. जास्त बोललो तर तिथूनच हात वर करील.

गेल्या वर्षी चतुर्थीला आमच्या घरी तेरा माणसं जमली होती. आमचा गणपती पाच दिवसांचा. पुण्याची वहिनी आणि तिची मुलगी, बेंगळुरूचा भाऊ आणि त्याची दोन मुलं, गोव्याची बहीण आणि तिचा मुलगा, आणि आम्ही इथली. जोयड्यातलं घर म्हणजे भाषांचा काला असतो, हे तुम्हाला सांगायला नको. आई घरात कोकणीच्या वळणाचं मराठी बोलते. माझी मुलं शाळेत कानडी शिकतात. बेंगळुरूची दोघं आपसात इंग्रजीत बोलतात. पुण्याची पुतणी शुद्ध मराठी बोलते, पण आईचं बोलणं तिला अर्धंच कळतं आणि ती नुसती हसून मान हलवते. पहिल्या दिवशी पाया पडून झाल्यावर आज्जी आणि नातवंडं यांच्यात "जेवलास काय" याच्या पुढे बोलणं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावसानं जोर धरला आणि वीज गेली. मोबाईलला रेंज आमच्याकडे तशीही माडीच्या एका कोपऱ्यातच येते. रात्री आठ वाजता तेरा माणसं, दोन समया, एक कंदील आणि वर माटोळी. भजन झालं, आरती झाली. मोठी माणसं पेंगायला लागली आणि मुलं भांडायला. तेव्हा पुण्याची वहिनी म्हणाली, "भावोजी, कोरे कागद आहेत का घरात?" मागच्या वर्षांच्या कॅलेंडरची पानं होती, तीच आम्ही फाडली. पाठीमागे कोऱ्या असलेल्या पत्रिका होत्या, त्याही काढल्या.

खेळ असा आहे. सात-आठ जणांनी गोल बसायचं. प्रत्येकाला एक कागद, एक पेन्सिल. पहिल्या फेरीत कागदावर फक्त एक रेघ काढायची, फार तर तिला एक फाटा. चित्र काढायचं नाही. मग कागद उजवीकडच्याला द्यायचा. दुसऱ्या फेरीत आलेल्या रेघेचं काहीतरी करायचं. तुम्हाला ती सोंड वाटली तर हत्ती करा, दोरी वाटली तर विहीर करा. कागद पुन्हा उजवीकडे. तिसऱ्या फेरीत त्या चित्रात एक नवीन वस्तू, माणूस किंवा प्राणी घालायचा. चौथ्या फेरीत त्या चित्रात एक संकट आणायचं. वाघ आणा, चोर आणा, नाहीतर पाहुणे आणा. प्रत्येक फेरीला वेळ किती? एक आरती मनातल्या मनात म्हणून होईल तेवढाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चित्र काढताना काय काढलं ते कुणीही बोलायचं नाही.

चार फेऱ्या झाल्या की सगळे कागद पालथे घालून मध्ये ठेवायचे. एकेकानं एक कागद उचलायचा, सर्वांना दाखवायचा आणि तिथल्या तिथं त्याची गोष्ट सांगायची. तयारी करायची नाही, "थांबा, विचार करतो" म्हणायचं नाही. गोष्ट संपली की ज्यांनी ते चित्र काढलं, त्यांनी क्रमानं सांगायचं की आपल्या मनात काय होतं. खेळाची खरी गंमत या शेवटच्या भागात आहे, कारण काढणाऱ्याच्या मनातलं आणि सांगणाऱ्यानं पाहिलेलं कधीच जुळत नाही.

आई म्हणाली, "मला चित्रं येत न्हाईत, तुम्ही खेळा." वहिनी म्हणाली, "आई, सकाळी दारात एवढी रांगोळी कोणी काढली?" आई गप्प बसली आणि पेन्सिल घेतली. ही गोष्ट मी आवर्जून सांगतो. आपल्या घरातल्या बायका साठ-साठ वर्षं रोज ठिपके मोजून रेघा जोडतात आणि विचारलं की म्हणतात, चित्र येत नाही.

तर पहिली फेरी झाली. बेंगळुरूच्या धाकट्यानं, वय वर्षं सात, एक रेघ काढली आणि तिला वर फाटा फोडला. बेचकी असते तशी. आपण त्याला गलोलही म्हणतो. तो कागद आईकडे आला. आम्हाला वाटलं ती त्याची गलोल करील, नाहीतर झाड. आईनं बराच वेळ तो कागद समईजवळ धरला. मग जिथं दोन रेघा मिळत होत्या, त्याच्या थोडं बाजूला तिनं एक छोटा चौकोन काढला, त्यावर उतरतं छप्पर काढलं आणि शेजारी एक गोल. कागद पुढे गेला. पुण्याच्या पुतणीनं तिसऱ्या फेरीत दारात एक बाई काढली. चौथा नंबर गोव्याच्या भाच्याचा. त्याला संकट आणायचं होतं. त्यानं घरावरून, बाईवरून, सगळ्या कागदावर पाण्याच्या लाटा काढल्या आणि घराच्या दारात दोन मोठे मासे काढले.

तो कागद वहिनीच्या हाती आला. तिनं छान गोष्ट रचली. दोन रस्ते मिळतात तिथं एक घर असतं, घरात गणपती असतो. यंदा पाऊस इतका पडतो की पाहुण्यांना येता येत नाही. मग बाई म्हणते, नैवेद्याचं काय करू? तेव्हा नदीतले मासेच दर्शनाला येतात, आणि बाईला प्रश्न पडतो की माशांना उकडीचे मोदक चालतात का. सगळे खळखळून हसले. मग रिवाजाप्रमाणे ज्यानं-त्यानं सांगायचं होतं. धाकटा म्हणाला, "मी बेचकी काढलेली." आईची पाळी आली.

आई म्हणाली, "ते रस्ते न्हवेत ग. ही काळी, ही पांढरी. आनी हे आमचं घर. हा गोल म्हणजे भायर बाव होती ती."

मी सांगायला हवं, कारण समोर बसलेल्या तरुण मुलांना कदाचित ठाऊक नसेल. आपल्या तालुक्याचं जुनं नाव सुपा. सुपा हे गाव काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर होतं. गणेशगुडीला 101 मीटर उंचीचं धरण झालं, आणि त्याच्या पाण्याखाली सुपा गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. उठलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी रामनगरला वसली. आईनं सुपा सोडलं तेव्हा मी तिच्या मांडीवर होतो. आमचं घर सुपात होतं, हे मला जन्मभर ठाऊक आहे. फॉर्मवर मी ते लिहिलंय. पण ते घर नदीच्या कुठल्या अंगाला होतं, विहीर कुठं होती, हे मी कधी विचारलं नव्हतं. तिनंही कधी सांगितलं नव्हतं. घराचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

गोव्याचा भाचा बिचारा ओशाळला. म्हणाला, "आज्जी, मला माहीत नव्हतं, मी उगाच पाणी काढलं." आईनं त्याला जवळ ओढलं. म्हणाली, "बरोबर काढलंस पुता. आता थंय मासेच ऱ्हातात."

कुणी काही बोललं नाही. मग बेंगळुरूच्या त्या सात वर्षांच्या पोरानं विचारलं, "आज्जी, तू कुठे झोपायचीस?" एवढंच. आईनं दुसरा कागद मागितला. त्या रात्री तिनं चार कागद भरले. ओटा, माजघर, गोठा, नदीवर जायची पायवाट, कपडे धुवायचा दगड. जाऊबाईंशी भांडण झालं ते कुठल्या खांबाजवळ, हेही. पुण्याच्या पुतणीला एखादा शब्द अडला की आई तो काढून दाखवी. साडेदहाला वीज आली, तेव्हा माझ्या मुलानं उठून दिवा बंद केला.

आता मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर राहतो. मी तिला समोर बसवून म्हटलं असतं, "आई, सुप्याबद्दल सांग," तर काय झालं असतं? मी सांगतो. ती म्हणाली असती, "काय सांगायचं त्यात? गेलं ते गेलं." माणसाला थेट विचारलं की माणूस आखडतं. पण समोर कुणाचीतरी चुकीची रेघ आली की हात आपोआप पुढे होतो. "असं नाही, असं होतं." आठवणीला वाट मिळते ती अशी, आडवाटेनं.

हे मी एकटाच म्हणतो असं नाही. इंग्लंडमध्ये डोनाल्ड विनिकॉट नावाचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होऊन गेले. त्यांच्याकडे येणारी मुलं घाबरलेली असत, बोलत नसत. ते मुलाला प्रश्न विचारत बसत नसत. कागदावर एक वेडीवाकडी रेघ काढत आणि मुलाला म्हणत, तू याचं काहीतरी कर. मग मूल रेघ काढी आणि डॉक्टर तिचं काहीतरी करीत. असं करता करता मूल मनातलं बोलू लागे. 1968 साली त्यांनी या रेघांच्या खेळावर लेखही लिहिला. त्याआधी, 1925 च्या सुमारास, पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ आणि त्यांचे कवी-चित्रकार मित्र असाच खेळ खेळत. कागद दुमडायचा, एकानं डोकं काढायचं, दुसऱ्यानं न पाहता धड, तिसऱ्यानं पाय. त्या खेळाचं नाव गणपतीसमोर घेण्यासारखं नाही, म्हणून घेत नाही. पण मोठमोठे कलावंत त्यात रमले, कारण एकट्याच्या डोक्यात कधी आलं नसतं ते चौघांच्या हातून कागदावर येई.

आणि परदेशात कशाला जायचं? आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, कुडाळजवळ पिंगुळीला जा. तिथला ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या चित्रकथी करीत आला आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची कागदावर काढलेली चित्रं, त्यांची एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा खाली बसतो, एकेक चित्र समोर धरतो, आणि वाद्यांच्या साथीनं गात-बोलत कथा सांगतो. सावंतवाडीच्या राजघराण्यानं या कलेला आश्रय दिला होता. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं, आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही परंपरा किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर, म्हणजे आपल्याच कर्नाटकातल्या बसवकल्याणचा, त्याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आहे. म्हणजे चित्र धरून गोष्ट सांगणं हा सीमेच्या दोन्ही अंगांचा जुना वारसा आहे. फरक एवढाच, की चित्रकथीत कथा सर्वांना ठाऊक असते आणि सांगण्यात कस लागतो. आमच्या खेळात पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं.

आता मंडळाचा आणि या खेळाचा संबंध काय, ते सांगतो. आपण दरवर्षी इथं जमून काळजी करतो की मुलांचं मराठी सुटत चाललंय. मग आपण निबंध स्पर्धा ठेवतो. निबंधाला कोण येतं? ज्याला लिहिता येतं तोच. ज्याचं मराठी कच्चं, तो घरी बसतो. आणि ज्या आज्जीला अक्षर येत नाही, पण जिच्याकडे सगळ्यात जास्त मराठी आहे, तिला तर आपण बोलवतच नाही. चित्राला लिपी लागत नाही. देवनागरी येणारा, कानडी लिहिणारा, इंग्रजीत शिकणारा आणि अंगठा उठवणारी, चौघं एका कागदावर काम करू शकतात. पण चित्र काढून झालं की गोष्ट मात्र तोंडानंच सांगावी लागते. तिथं आपण एकच नियम ठेवला आहे. गोष्ट घरच्या बोलीत सुरू करायची. शब्द अडला तर कानडी वापर, इंग्रजी वापर, हात वापर. ऐकणाऱ्यांनी तो शब्द पुरवायचा, हसायचं नाही. माझ्या बेंगळुरूच्या पुतण्यानं पाच दिवसांत 'माजघर', 'बाव' आणि 'पागोळ्या' हे तीन शब्द नेले. तीनच. पण ते त्यानं पाठ केले नाहीत. त्यांची त्याला गरज पडली.

काही अनुभवाच्या सूचना देतो. बक्षीस ठेवू नका. बक्षीस आलं की चांगली चित्रं काढणारी मुलं पुढे बसतात आणि बाकीची गप्प होतात. खोडरबर देऊ नका. चुकीची रेघ हेच या खेळाचं भांडवल आहे. कागद लहान नको, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसायला हवा. एका घोळक्यात दहाच्या वर माणसं नकोत, नाहीतर पाळी येईपर्यंत झोप येते. एका घरची माणसं शेजारी-शेजारी बसवू नका. आणि मोबाईलवर रेकॉर्ड करायचा मोह आवरा. कॅमेरा समोर आला की आज्जी पदर सावरते आणि गोष्ट बदलते. त्याऐवजी रात्री कागदाच्या पाठीमागे तारीख घाला, कुणी काय काढलं ते लिहा, आणि सांगणाऱ्याचे दोन-चार शब्द जसेच्या तसे लिहा. आमच्याकडे ते कागद पत्रिकांच्या पेटीत आहेत.

आणि एक शेवटची सूचना, मला स्वतःला मिळालेली. तिसऱ्या दिवशी मी हावरटासारखा आईच्या शेजारी जाऊन बसलो. मुद्दाम नदीसारखी रेघ काढून कागद तिच्याकडे जाईल अशी व्यवस्था केली. आईनं रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्या नदीची उंदराची शेपटी केली. वर एक मोठा उंदीर, पोटात मोदक. सगळे हसले. मला जे समजायचं ते समजलं. खेळ हा खेळच राहिला पाहिजे. आपण काहीतरी काढून घ्यायला बसलो, की समोरचा माणूस मिटतो. हसायला बसलो, तर कधी सुपा वर येतं, कधी उंदीर. दोन्ही प्रसाद म्हणून घ्यावं.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे की विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी दीड तास या खेळाला द्यावा. कागद मी आणतो. इथं असे कितीतरी वडीलधारे बसले आहेत ज्यांची घरं, देवळं, शेतं आज नकाशावर नाहीत. त्यांच्या शेजारी एकेक सात वर्षांचं पोर बसवू या. पोरानं रेघ काढावी. पुढचं आपोआप होईल, किंवा होणार नाही. निदान दोघं एका कागदावर वाकून बसतील.

तिसऱ्या रांगेतून हात वर झालेला मला दिसतो आहे. त्यामुळे थांबतो. 

गणपती बाप्पा मोरया!